रविवारची सुट्टी नक्की कोणाची?



मागच्या महिन्यात सातवीच्या वर्गात मी नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी सांगत होते. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एकही हक्काची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी 1884 पासून त्यासाठी लढा दिला आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मंजूर झाली. एवढं सांगून मी फळ्याकडे वळले, तोच मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग माझ्या आईला रविवारी सुट्टी का नसते? उलट रविवारीच तिला जास्त काम असतं."

वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आलं नाही. कारण तो प्रश्न माझ्याच घरचा होता.

आमच्या लग्नाला 31 वर्षं झाली. आमच्याकडे रविवार म्हणजे इडली-सांबार, हे पहिल्यापासून ठरलेलं. पण ही रविवारची इडली शनिवारी दुपारीच सुरू होते बरं का! शाळेतून आल्यावर डाळ-तांदूळ भिजवायचे, रात्री वाटायचे, मिक्सरची भांडी धुवायची. आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे भांडी धुतानाही पाण्याचा हिशेब. सकाळी सगळ्यांना गरम गरम वाढायचं आणि शेवटी आपण उभ्या उभ्या दोन गार इडल्या खायच्या. मुलं लहान होती तेव्हा हे चाललं. आता मुलं पुण्याला नोकरीला आहेत, घरात आम्ही दोघंच. तरी शनिवारी भिजवणं काही सुटलं नाही.

गेल्या वर्षापासून माझं उजवं मनगट दुखतंय. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिणं आणि घरी पोळ्या लाटणं, दोन्ही त्याच हाताने. एका शनिवारी मी फ्रिज उघडला तर आत तयार इडलीच्या पिठाची पिशवी! आमच्या ह्यांनी टी.व्ही. सेंटरच्या दुकानातून आणलेली.

खरं सांगते, मला राग आला. म्हटलं, "अहो, माझ्या हातच्या इडलीला काय झालं?"

हे शांतपणे म्हणाले, "इडलीला काही नाही झालं. तुझ्या हाताला झालंय."

रात्री मला नीट झोप लागली नाही. पीठ विकतचं आहे याचं दुःख नव्हतं. या घरात माझं कौतुक ज्या गोष्टीसाठी झालं, ती म्हणजे ही इडली. सासूबाईंनी मला पहिली शाबासकी दिली ती तिच्यासाठीच. ती पिशवीतून यायला लागली तर मग माझं काय उरलं, असं वाटत होतं.

सकाळी ह्यांनी मला स्वयंपाकघरात येऊच दिलं नाही. वाळूजच्या कारखान्यात आयुष्यभर शिफ्टची नोकरी केलेला माणूस, घरात चहापलीकडे काही न केलेला. साच्याला तेल लावायचं राहिलं. पीठ एवढं घोटलं की इडल्या चपट्या झाल्या. (हे मी दुसऱ्या दिवशी वर्गात विज्ञान म्हणून वापरलं: पीठ आंबताना सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइड तयार करतात, म्हणून इडली फुगते, जोरात घोटलं की तो वायू निघून जातो. फ्रिजमध्ये आंबणं मंदावतं, पण थांबत नाही, म्हणून पिशवी फुगते.)

पण त्या चपट्या इडल्या मी खुर्चीवर बसून खाल्ल्या. गरम. ह्यांच्या समोर बसून. 31 वर्षांत रविवारी असं किती वेळा घडलं असेल, मला आठवेना. नंतर आम्ही हिमायतबागेत चक्कर मारली. फार बोललो नाही. चालता चालता हे एवढंच म्हणाले, "तू शेवटी जेवतेस, हे मला दिसायचं गं. पण कधी बोललो नाही." मला रडू आलं आणि थोडा रागही आला. दिसत होतं, तर इतकी वर्षं का नाही बोललात?

तेव्हा तयार पीठ वाईट की चांगलं, हा वाद मी आता घालत नाही. 1983 मध्ये मॅगी भारतात आली, तेव्हापासून 'दोन मिनिटांत' हे शब्द आपल्या घरात रुळले. पाकिटावरचे घटक, मिठाचं प्रमाण आणि तारीख जरूर वाचा, मुलांनाही वाचायला शिकवा. रोज पाकिटावर जगू नका. पण त्याबरोबर एक प्रश्न विचारा: पाकिटाने वाचवलेला वेळ कोणाला मिळाला? पीठ विकतचं आलं आणि बाकी सगळं तिनेच केलं, तर सुट्टी काही झाली नाही.

आता आमच्याकडे एक रविवार माझ्या पिठाचा, एक पिशवीचा. पिशवीच्या रविवारी हे करतात. परवा साच्याला तेल लावायला विसरले नाहीत!

शिक्षकांनो, येत्या सोमवारी वर्गात पाच ओळी लिहून घ्या: 'आमच्या घरी रविवारी सुट्टी कोणाला असते?' आणि पालकांनो, मुलांनी ते लिहिण्याआधी आपणही एकदा मनातल्या मनात उत्तर देऊन पाहा.