नवें तें बरें काय?

‘जुनें तें सोनें’ ही म्हण सर्वांच्या तोंडीं आहे. पण नवें दिसतांच जुनें अडगळींत टाकण्याची हौसही आपल्यांत कमी नाहीं. यांपैकीं कोणताही पक्ष विचारावांचून स्वीकारूं नये, असें मला वर्गांत शिकवितांना पुष्कळदां वाटतें.

उदाहरण आपल्या दारचेंच घेऊं. १९७२ सालीं निघालेल्या आकुर्डीच्या चेतक स्कूटरवर बसून आपल्यापैकीं अनेकांचे आजोबा कामावर गेले. २०२० सालीं त्याच नांवाची विजेवर चालणारी स्कूटर विक्रीस आली. ती धूर सोडीत नाहीं, तिला किक मारावी लागत नाहीं. मात्र जुनीबरोबर असणारें जादा चाक तिच्यापाशीं नाहीं. सुधारणा झाली हें खरें. पण एक लहानशी सोय गेलीच.

संगणकांतही असेंच घडलें आहे. आमच्या संगणकखोलींतील यंत्रें लिनक्स प्रणालीवर चालतात. यंत्र जागें होतांच सारीं कामें सुरू करून देणारा एक कारभारी या प्रणालींत असतो. पूर्वींचा कारभारी, सिसव्ही-इनिट, एकामागून एक आज्ञापत्र वाची; एक काम अडलें कीं मागचीं खोळंबत. २०१० सालीं लेनार्ट पॉटरिंग व के सीव्हर्स यांनीं सिस्टम-डी हा नवा कारभारी पुढें आणिला. तो अनेक कामें एकदम सुरू करितो आणि सांगून ठेवल्यास बंद पडलेलें काम पुन्हां उभें करितो. परंतु जुन्या व्यवस्थेंतील रोजनिशी साध्या अक्षरांत असे, कोणासही उघडून वाचतां येई. नव्याची रोजनिशी खास आज्ञेवांचून वाचतां येत नाहीं. डेबियन मंडळीनें नवा कारभारी पत्करला, तेव्हां न पटलेल्या कांहींनीं डेवुआन नांवाची वेगळी चूल मांडली.

मला स्वतःला नवा कारभारी पसंत आहे. तासाचा वेळ वाट पाहण्यांत जाऊं नये. तथापि जुनीं आज्ञापत्रेंही मी मुलांना वाचावयास लावितों, कारण तीं ओळीनें वाचतां वाचतां यंत्र कसें जागें होतें हें त्यांना कळतें.

चाकणच्या कारखान्यांत नवें यंत्र आलें कीं जुन्यावर राबलेल्या कामगारास कशी धाकधूक वाटते, हें पालकांस सांगावयास नकोच. विद्यार्थिमित्रहो, उद्यां अशीं यंत्रें निवडण्याचें काम तुमच्याकडे येईल. तेव्हां तीन प्रश्न विचारा: जुन्याचा कोणता दोष यानें घालविला? जुन्याची कोणती सेवा यानें सोडली? ती सेवा कोणाच्या उपयोगाची होती? तिसऱ्याचें उत्तर बहुधा त्या कामगारापाशींच असतें. त्यास निरोप देण्याआधीं तें विचारून घ्यावें.