दाजींच्या लॅपटॉपवरचं उबंटू

पलूसला अक्काकडे गेलो की दाजी लॅपटॉप पुढ्यात ठेवतातच. द्राक्षबागेच्या फवारण्यांच्या नोंदी, सातबारा, सगळं त्यावरच. या खेपेला तक्रार निराळी होती. "पाव्हणं, चालू करून म्हशीला वैरण टाकून येतोय तोवर हा पोराचा पासवर्ड मागतोय!"

भाच्यानं कॉलेजात असताना विंडोजशेजारी उबंटू टाकलं होतं. आता तो नोकरीला पुण्यात. सुरुवातीला जी ग्रबची यादी येते, तिच्यात उबंटू पहिलं. दहा सेकंदांत कुणी काही निवडलं नाही, की तेच उघडतं. नुसता क्रम बदलूनही भागलं असतं. पण सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली होती आणि उबंटूनं ५० जीबी अडवले होते. भाच्याला फोन लावला. "काढून टाका मामा, माझा प्रोजेक्ट तेवढा ठेवा."

तो प्रोजेक्ट उबंटूतूनच पेनड्राइव्हवर घेतला, कारण उबंटूचं पार्टिशन विंडोजला सहसा वाचता येत नाही. दाजींच्या नोंदीही घेतल्या. मग बायोसमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरावर आणला आणि विंडोज सरळ उघडतंय याची खात्री केली. हे आधी करायचं. जुन्या पद्धतीच्या मशीनवर ग्रब डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये बसतो. तिथं थेट पार्टिशन उडवलं, तर काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' येतं आणि विंडोज शाबूत असूनही उघडत नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये बिननावाची दोन-तीन पार्टिशनं दिसत होती. "ही बारकी पण काढा की," दाजी म्हणाले. त्यांतलं एक ईएफआयचं होतं, सामाईक विहिरीसारखं, विंडोजही त्यावरच सुरू होणारं. त्याला हात लावला नाही. फक्त ५० जीबीचं पार्टिशन डिलीट केलं. रिकामी झालेली जागा सी ड्राइव्हच्या लगत उजवीकडेच होती, म्हणून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' लगेच चाललं. मध्ये दुसरं पार्टिशन असतं तर ते जमलं नसतं. शेवटी डिस्कपार्ट वापरून ईएफआयला तात्पुरतं अक्षर दिलं आणि त्यातला 'उबंटू' नावाचा फोल्डर तेवढा काढला.

लाल पट्टी निळी झालेली बघून दाजी खूश. भाच्याला प्रोजेक्ट पाठवला आणि बजावलं, "आता उबंटू लागलं तर पेनड्राइव्हवरून चालव, नाहीतर स्वतःच्या लॅपटॉपवर टाक. बाबांच्या मशीनवर नको."