आबांचा दगड

समीक्षेत ‘धारदार’ हे विशेषण आम्ही आजवर किती वेळा वापरले असेल, याची गणती नाही. धार म्हणजे नेमके काय, हे मात्र चाळिशी उलटल्यावर, आबांच्या हत्यारांची पेटी घरी आली तेव्हा कळू लागले. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आबा आमच्यातल्या एकीचे वडील, व्यवसायाने सुतार. लेकीचा हात हत्याराला नव्हे, पुस्तकाला लागावा, हा त्यांचा हट्ट होता. तो इतका तंतोतंत पाळला गेला की ते गेल्यावर पेटीतल्या पटाशा आणि रंधे यांच्यापुढे आम्ही निरक्षर ठरलो.

पहिली चूक लगेच घडली. एक पटाशी आम्ही बाजारातून विजेवरच्या चाकावर लावून आणली. घरी येऊन पाहिले तर टोकाशी निळसर झाक. पोलाद इतके तापले की त्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. ‘पाणी उतरणे’ आम्ही वर्गात अनेकदा समजावले आहे; हातात धरून पाहिले ते त्या दिवशी.

मग साधनांची निवड आली. काचेवर पॉलिशपेपर चिकटवून घासणे आरंभी स्वस्त, पण कागद सारखे बदलावे लागतात. हिऱ्याच्या कणांची पट्टी सपाट राहते. तिची किंमत मात्र एकदम मोजावी लागते. तेलाचे दगड चिवट आणि संथ. जपानी पाण्याचे दगड भराभर कापतात आणि भराभर झिजतातही. तेल आणि उत्तरपत्रिका एका घरात नांदणे कठीण, म्हणून आम्ही एका बाजूस १००० आणि दुसऱ्या बाजूस ६००० क्रमांकाचा पाण्याचा दगड घेतला.

धार ही दोन पृष्ठांच्या भेटीची रेषा असते. उताराकडे सगळ्यांचेच लक्ष जाते. पाठ सपाट आणि गुळगुळीत नसेल तर तो उतार व्यर्थ. पटाशीला सुमारे २५ अंशांचा उतार, टोकाशी ३० अंशांची बारीक कड. घासता घासता पाठीमागे बोटाला खरखर लागली की समजावे, धार टोकापर्यंत पोचली.

पेटीच्या तळाशी आबांचा स्वतःचा दगड होता: कार्बोरंडमचा, दुहेरी, तेलाने काळाकुट्ट. त्याची बारीक बाजू मधोमध खोल गेलेली, देवघरातल्या जुन्या सहाणेसारखी. संस्कृतातला ‘शाण’ म्हणजे धार लावण्याचा दगड. आपली सहाण त्याच कुळातली. शास्त्र सांगते, खोलगट दगडावर सरळ धार येत नाही, तो सपाट करावा. पण ही खोली म्हणजे आबांच्या हाताची वर्षे होती. हस्तलिखितातला लेखकाचा ‘प्रमाद’ दुरुस्त करावा की जपावा, हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांपुढे नेहमी ठेवतो आणि उत्तर देण्याचे टाळतो. इथे ते टाळता येईना. शिवाय याच खोलगट दगडावर लावलेल्या हत्यारांनी त्यांनी आयुष्यभर चौकटी केल्या, त्या आजही हलत नाहीत. मग दोष नक्की कशात होता?

अखेर दगड दोन दिवस रॉकेलमध्ये ठेवला आणि त्याची भरड बाजू काचेवर खरखरीत कागद पसरून सपाट केली. बारीक बाजूला हात लावला नाही. ते काम नव्या दगडाकडे दिले. निर्णय शास्त्रशुद्ध आहे असा आमचा दावा नाही. निम्मी दुरुस्ती आणि निम्मी जपणूक, एवढेच.

त्या भरड बाजूवर आम्ही आठ संध्याकाळी ती निळी पडलेली पटाशी घासली. हात भरून येत, पाणी काळे होई. निळा भाग पुरता गेला तेव्हा तिला नवी कड दिली आणि सागाच्या तुकड्याच्या आडव्या तोंडावर चालवून पाहिली. तोंड काचेसारखे चमकले. पटाशी आता बोटाच्या पेराएवढी आखूड झाली आहे.