कोण सरकणार?

पेणच्या कासारआळीतलं पोर चालायच्या आधी सरकायला शिकतं, असं माझी आई म्हणायची. गणपतीच्या आधीचे महिने म्हणजे आळीत जिकडेतिकडे मूर्ती. ओसरीवर, माळ्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर, पावसाची उघडीप मिळाली की दारापुढे उन्हातसुद्धा. शाडूची ओली मूर्ती फळीवर घेऊन दोघे जण बोळातून निघाले की एकच हाक यायची, "सरका!" आम्ही मुलं भिंतीला पाठ चिकटवून उभी. सोंडेला नखभर धक्का लागला तरी कारागिराची मेहनत वाया. त्यामुळे काही मोठं, मोलाचं अंगाशी येताना दिसलं की आपण मागे व्हायचं, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पाय आपोआप मागे जात.

पुढे रोह्याच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली, लग्नही रोह्यातच झालं. पेणहून सोमवारी पहाटेची एसटी, वडखळला तुंबलेली, नागोठण्याला आणखी भरलेली. त्या गाडीत सरकून घेतल्याशिवाय कुणाचाच प्रवास होत नसे. सासरी माजघरात तेच, स्टाफरूममध्ये तेच. वर्गात मात्र मी करडी. माझी नुसती नजर वळली की शेवटच्या बाकावरची कुजबुज थांबायची. तेव्हा भिडस्त म्हणून माझी ख्याती नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

घोड्याचं वेड लागलं ते अलिबागच्या किनाऱ्यावर. ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे निघालेली घोडागाडी, चाकाखाली चकाकणारी ओली वाळू, आणि गुडघाभर पाणी आलं तरी पाऊल न थांबवणारा तो घोडा. वडिलांनी गाडीत बसवलं, पण माझं सगळं लक्ष घोड्याच्या कानांकडे. एक कान पुढे समुद्राकडे, एक मागे गाडीवानाकडे. पुढे शाळेच्या सहलींबरोबर माथेरानला जाणं होई. दस्तुरी नाक्याला मोटारी थांबल्या की तिथून लाल मातीत घोड्यांचं राज्य. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये तो डोंगर चढून गेले आणि गाव वसलं, १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर गेली, अलीकडे न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षाही धावू लागल्या. तरी आमच्या जिल्ह्यात घोडा ही रोजच्या पोटापाण्याची गोष्ट राहिली असेल तर ती मुख्यतः तिथेच. मुंबईतल्या व्हिक्टोरिया बंद करायला उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. जनावरांच्या दृष्टीने ते योग्यच झालं, पण त्या गाड्यांबरोबर घोड्याशी बोलायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीतही मुंबईतून गेली, हे खरं.

निवृत्त झाले तेव्हा मी घोडा घेतला. "त्या पैशात गाडी आली असती, आणि दारात लावल्यावर गप्प तरी राहिली असती," इति आमचे हे. पेणच्या बाजूचा वरातीचा घोडा होता, पांढरा, आख्ता, नाव मोती. विकणाऱ्याने तो मूळचा सारंगखेड्याच्या यात्रेतला असल्याचं सांगितलं. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी ती यात्रा घोड्यांसाठी इतकी नावाजलेली, की महाराष्ट्रात विकाऊ असलेला निम्मा घोडा सारंगखेड्याचाच निघतो! कपाळावरचा भोवरा शुभ, गळ्यावरचा तर फारच शुभ, हेही ऐकून झालं. स्वभावाचा भोवरा कुठे असतो ते मी विचारलं नाही. टेम्पोत घालून, भिसे खिंडीच्या वळणांवर जीव मुठीत धरून, त्याला रोह्याला कुंडलिकेपलीकडच्या आमच्या वाडीत आणला.

पहिले काही दिवस पाहुण्यासारखा वागला. मग हळूहळू अंगावर यायला लागला. तोबरा घेऊन गेले की कान मागे पाडून सरळ माझ्यावर चालून येई. मोहरकी बांधताना डोक्याने असा धक्का देई की मी हेलपाटत खांबाला जाऊन धडके. बाहेर काढला की पुढे तो आणि दोरीला लोंबकळत मागे मी. पदराची गाठ, चष्म्याची दोरी, खिसा, जे सापडेल ते ओढी. एकदा माझ्या पावलावर खूर ठेवून निवांत उभा राहिला, साडेतीनशे किलोंचा ऐवज, आणि मान वळवून दूर नदीकडे बघत होता. हलेना. त्या बघण्यातला बेफिकीरपणाच मला जास्त झोंबला.

वाडीवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे उपाय होता. "माजलाय, दोन द्या ठेवून." "चणे बंद करा, मस्ती उतरेल." एकाने काट्याचा लगाम आणून दाखवला. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांना असली काटेरी साधनं वापरायला १९६५ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी बंदी आहे, तरी अजून मिळतात. मोतीच्या ओठांच्या कोपऱ्यात जुने पांढरे वण होते. म्हणजे हा उपाय आधी होऊन गेलेला होता, आणि त्यातून हाच घोडा तयार झाला होता. वरातीत घोड्याचं काय होतं ते आठवून पाहा. कानाशी ताशा, समोर नाचणारी गर्दी, तोंडात लोखंड. पुढे जा म्हणून टाच आणि थांब म्हणून हिसका, दोन्ही एकाच वेळी. मधेच कुणी हौशी मामा खिशातून बिस्किट काढून भरवतो. माणूस म्हणजे एकतर खिसा, नाहीतर अडथळा, एवढंच त्या जनावराला कळलं असेल तर दोष कुणाचा?

शेवटी ओळखीतून माथेरानचे एक चाचा आले. सगळी हयात घोड्यांमागे गेलेली, पाय किंचित फेंगडे, बोलणं थोडं. मला वाटलं, आता हे मोतीला हातात घेतील आणि काहीतरी चमत्कार होईल. त्यांनी बाजेवर बसून चहा मागितला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही रोज करता तसं सगळं करा. मी बघतो."

मी केलं. खरारा केला, पाणी दाखवलं, ठाणावरून सोडून अंगणात फिरवून आणला, तोबरा चढवला. रात्री वळवाची सर येऊन गेलेली, अंगणातली माती लोण्यासारखी झाली होती. चाचा उठले आणि घोड्याकडे न बघता त्या मातीकडे बघत फिरले. मग मला बोलावलं. "घोड्याला सोडा. तुमच्या चपला बघा."

मातीत सगळं उमटलं होतं. पाण्याच्या टाकीपाशी माझ्या चपलांचे ठसे, टाचेकडे खोल रुतलेले, एकामागे एक उलटे गेलेले. आणि त्यांच्या पुढ्यात, वीतभर अंतर राखून, मोतीचे खूर. दारापाशी तेच. तोबऱ्यापाशी तर मी पार कुंपणापर्यंत मागे गेले होते. धक्का त्याने एखाद्याच ठिकाणी दिला असेल. बाकी सगळीकडे त्याने नुसतं पाऊल उचललं होतं आणि मी जागा करून दिली होती. मला त्यातलं एकही पाऊल मागे टाकल्याचं आठवत नव्हतं.

"त्याने काही केलंच नाही," चाचा म्हणाले. "त्याने विचारलं, तुम्ही हो म्हणालात."

मूर्तीसाठी सरकणं आणि घोड्यासाठी सरकणं यातला फरक मला तेव्हा उमगला. मूर्तीला स्वतःचं रक्षण करता येत नाही, म्हणून आपण सरकायचं. ते शिक्षण चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. घोड्यांच्या कळपात मात्र कोण कुणाला जागेवरून हलवतं यावरच सगळी व्यवस्था चालते. ज्याला अधिकार असतो तो लाथा झाडत बसत नाही. कान किंचित मागे नेतो, मान जरा खाली करतो, आणि समोरचा बाजूला होतो. मोतीला आमच्या वाडीत कळप नव्हता. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांच्या म्हशी, आणि अलीकडे मी. म्हशी त्याला हिंगलत नाहीत म्हटल्यावर उरले मी.

त्यानंतर जे सुरू झालं ते बघणाऱ्याला अगदी कंटाळवाणं वाटलं असतं. दोरी हनुवटीशी आवळून धरायची नाही, दोन हात सैल सोडायची. तो पुढे घुसला की आपण जागा सोडायची नाही, दोरी लाटेसारखी हलवायची. नाही ऐकलं तर हातातल्या वेताच्या टोकाने छातीवर टकटक, मारायचं नाही, दार वाजवावं तसं वाजवत राहायचं. आणि ज्या क्षणी त्याचं वजन मागच्या पायांवर जाईल, पाऊल नुसतं उचललं जाईल, त्या क्षणी सगळं थांबवायचं. दोरी गप्प, काठी गप्प, आपण गप्प. यातला अवघड भाग हा थांबण्याचा. दोरी हलवताना घोडा काही शिकत नाही, ती थांबते तेव्हा शिकतो. मी गणिताची बाई. उत्तर बरोबर आलं की पुढचं उदाहरण घालायची हाताला सवय. चाचा लांबून ओरडत, "बाई, सोडा! दिलंन् त्याने, सोडा आता!"

जोर लागत नाही, हे सुरुवातीला पटत नव्हतं. पण ज्याच्या कातडीला पाठीवर बसलेली माशी कळते आणि तेवढीच जागा थरथरवून तो ती उडवतो, त्याला ढकलाढकलीची गरज काय? तोबऱ्याचंही असंच केलं. कान पाडलेले असले की मी तोबरा घेऊन नुसती उभी. कान पुढे आले, मान वळली, की तोबरा. हाताने काही भरवणं साफ बंद. बिस्किटाऐवजी आयाळ संपते तिथे, खांद्यांच्या मधल्या उंचवट्यावर खाजवायचं. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्गच्या घोड्यांवरच्या १९९३ च्या एका अभ्यासात, तिथे खाजवलं की हृदयाचे ठोके मंदावतात असं दिसलं होतं. मोतीचा खालचा ओठ मात्र अभ्यास न वाचताच लोंबायला लागायचा.

याच काळात मला बर्लिनचा हान्स भेटला, पुस्तकात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या गृहस्थांनी आपला घोडा बेरीज-वजाबाकी करतो म्हणून दाखवलं. खूर आपटून उत्तर द्यायचा. हे गृहस्थही गणिताचेच निवृत्त शिक्षक, म्हणून मला विशेष आपुलकी. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये उलगडा केला की हान्सला गणित येत नव्हतं, त्याला माणूस वाचता येत होता. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं त्याच्याही नकळत जरासं हलायचं, आणि घोडा थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सही अडायचा. लोकांनी त्याला ठोकळा ठरवलं. मला तर हे बेरजेपेक्षा कितीतरी भारी वाटतं. केसभर हललेलं डोकं ज्याला दिसतं, त्याला माझं पाऊलभर मागे जाणं दिसणार नाही?

पाऊस लागला आणि उद्धटपणाची जागा दुसऱ्याच काळजीने घेतली. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि घोडा मूळचा कोरड्या माळाचा प्राणी. ठाण ओलं राहिलं की खुराचा मधला मऊ भाग कुजतो, घाण वास येतो. मुरूम टाकून ठाण उंच करून घेतलं, रोज खूर उचलून साफ करू लागले. आणि खूर उचलून देणं हीही पुन्हा परवानगीचीच गोष्ट! चारा हा त्याहून मोठा प्रश्न. कोकणात पेंढा मुबलक, पण तो गुराढोरांचा. चार कप्प्यांच्या पोटाच्या, रवंथ करणाऱ्या जनावराला जे निभतं ते घोड्याला निभत नाही, आणि त्याला उलटी होत नसल्याने पोटात गेलेलं काही बाधलं तर तोंडावाटे बाहेर यायची सोयही नाही. सुकं गवत आधीच भरून ठेवायला हवं. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र शाळेत मी रयतेला त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी ऐकलं होतं. आता घोडेवाली म्हणून वाचलं तेव्हा ते पागेच्या व्यवस्थेचंही पत्र निघालं. दाणा-वैरण आत्ताच उधळाल तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील. रात्री दिवा तसाच ठेवाल तर उंदीर वात पळवेल आणि गवताला आग लागेल. राज्य उभं करणाऱ्या माणसाला उंदराची वात सुचते, याचं मला फार अप्रूप वाटलं. गवताच्या खोपटातला बल्ब मी दुसऱ्याच दिवशी जाळीत घालून घेतला.

दसऱ्यानंतर रोह्याच्या ग्रामदैवताची, धावीर महाराजांची पालखी निघाली, पोलिसांनी बंदुकांची सलामी दिली, वाजंत्री आमच्या वाडीपर्यंत ऐकू येत होती. मोती ताशा ऐकताच जागच्या जागी थिरकू लागला, जुनी नोकरी आठवली असावी. मी दोरी धरून शेजारी उभी राहिले. त्याने खांदा माझ्याकडे कलता केला, मी जागची हलले नाही, आणि त्याने तो काढून घेतला. एवढंच. थिरकणं काही थांबवलं नाही त्याने, मीही थांबवायला गेले नाही.

मोती सुधारला, असं आता लोक म्हणतात. मला ते पटत नाही, कारण ह्यांना तो अजून कुंपणापर्यंत रेटत नेतो. माझ्यासमोर शहाण्यासारखा उभा राहणारा हाच घोडा, हे पाण्याची बादली घेऊन आले की छाती पुढे काढून चालू लागतो. मी ह्यांना दोरी कशी धरायची, पाय कसे रोवायचे, सगळं दाखवलं. "पाऊल मागे घेऊ नका" म्हणून बजावलं.

"पस्तीस वर्षं या घरात तुझ्यासमोर काय करत आलो?" हे म्हणाले आणि बादली कुंपणावरूनच आत सोडली.