नायकाचा पगार

सप्टेंबर उजाडला की बाल्टिमोरमध्ये शुक्रवार जांभळा होतो. बँकेतले कारकून, बसचे चालक, शाळेतल्या बाई, सगळे इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या, रेव्हन्सच्या, जांभळ्या जर्सीत कामावर दिसतात. चंद्रपूरहून आलेल्या माणसाला हे शहर फारसं परकं वाटत नाही. कर्टिस बेच्या धक्क्यावर निर्यातीच्या कोळशाचे डोंगर उभे असतात, त्यांची धूळ शेजारच्या वस्तीत खिडक्यांवर बसते, आणि त्यावरून लोकांची भांडणं चालू असतात. घुग्घुस-दुर्गापूरच्या कोळसाखाणींशेजारच्या माणसाला यात नवीन काय सांगायचं! स्पॅरोज पॉइंटचा पोलाद कारखाना, एके काळी जगातला सर्वांत मोठा, २०१२ मध्ये बंद पडला. अशा कामकरी शहरात फुटबॉलवर जो वाद वर्षानुवर्षं चालतो तो एकच: अव्वल दर्जाचा क्वार्टरबॅक नसेल तर विजेतेपद मिळतं का? क्रिकेटच्या डोळ्यांनी हा खेळ पाहणारी आपली मराठी मंडळी बहुधा लगेच ‘नाही’ म्हणतात. प्रत्येक डावाची सुरुवात ज्याच्या हातून होते, चेंडू फेकायचा की धावणाऱ्याच्या हाती द्यायचा हे जो ठरवतो, तोच संघ, असं आपण धरून चालतो. माझं मत उलट आहे, आणि त्याचा पुरावा शोधायला हे शहर सोडून जावं लागत नाही.

रेव्हन्सच्या स्टेडियमबाहेर दोन पुतळे आहेत. एक जॉनी युनिटासचा, म्हणजे क्वार्टरबॅकचा. दुसरा रे लुईसचा, आणि तो बचावफळीतला. दुसऱ्या पुतळ्यामागे २००० चा हंगाम आहे. त्या ऑक्टोबरमध्ये रेव्हन्सच्या आक्रमणाला सलग पाच सामन्यांत एकही टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपार नेणं) करता आला नाही, तरी त्यांतले दोन सामने त्यांनी जिंकले. मधेच क्वार्टरबॅक बदलून ट्रेंट डिल्फरला आणलं. हा दुसऱ्या संघाने सोडून दिलेला खेळाडू. त्याला अव्वल म्हणायचं धाडस त्याच्या चाहत्यांनाही झालं नसतं. पण १६ सामन्यांत मिळून बचावफळीने फक्त १६५ गुण दिले, आणि १६ सामन्यांच्या हंगामातला तो विक्रम ठरला. सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, डिल्फरचे २५ पैकी १२ चेंडू पोचले आणि संघाने न्यूयॉर्क जायंट्सना ३४-७ असं धुतलं. जायंट्सचे ते सात गुणही किकऑफ परतवताना मिळाले. त्यांच्या आक्रमणाला एकही गुण करता आला नाही. गंमत पुढे आहे. विजेतेपद हाती असताना संघाने डिल्फरला निरोप दिला आणि त्याच्यापेक्षा नावाजलेला एल्विस गर्बॅक आणला. बाकीचा संघ बहुतांशी तोच होता. पुढच्या हंगामात ते प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) हरले आणि गर्बॅकने खेळच सोडला.

एका संघावरून नियम काढायचा का, असं कुणी विचारेल. रास्त आहे. म्हणून रेव्हन्सचा दुसरा सुपर बोल विजय पाहू. फेब्रुवारी २०१३ मध्ये रेव्हन्सनी सॅन फ्रान्सिस्कोला ३४-३१ हरवलं तेव्हा क्वार्टरबॅक जो फ्लॅको होता. त्या प्लेऑफमध्ये त्याने ११ टचडाउन फेकले आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती एकही चेंडू दिला नाही. ‘फ्लॅको अव्वल आहे का?’ हा प्रश्न तोवर देशभर थट्टेचा विषय झाला होता. विजयानंतर त्याचं उत्तर ‘हो’ असं ठरलं आणि त्याला सहा वर्षांचा १२ कोटी सहा लाख डॉलरचा करार मिळाला. इथे दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात. एक, अव्वलपणाचा शिक्का विजयानंतर बसला. मग ‘विजेत्यांकडे अव्वल क्वार्टरबॅक असतोच’ हे म्हणणं आपलीच शेपूट चावत फिरतं. दुसरी गोष्ट पैशाची. १९९४ पासून या लीगमध्ये (एनएफएल) प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे. फ्लॅकोने सुपर बोल जिंकला तेव्हा तो आपल्या पहिल्या, त्यामानाने स्वस्त करारावर खेळत होता. करार फुगला आणि त्याच वर्षी उन्हाळ्याआधी त्याचे चेंडू झेलणारा अँक्वान बोल्डिन सॅन फ्रान्सिस्कोला दिला गेला, एड रीड ह्यूस्टनला गेला. रे लुईस तर निवृत्तच झाला होता. पुढच्या हंगामात आठ विजय, आठ पराभव, आणि प्लेऑफ हुकलं. फ्लॅको रातोरात वाईट झाला नव्हता. त्याच्या भोवतीचा संघ उसवला होता.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप म्हणजे जिंकलेल्या बड्या क्वार्टरबॅकच्या नावांची यादी. टॉम ब्रॅडीची सात विजेतेपदं, पॅट्रिक महोम्सची तीन. या यादीपुढे डिल्फर म्हणजे अपवाद, असं म्हणतात. पण ब्रॅडीने पहिलं विजेतेपद जिंकलं तेव्हा तो नवोदितांच्या निवडीत १९९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला पोरगा होता, आणि समोर हरलेल्या संघाचा कर्ट वॉर्नर त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू होता. ते एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हटलं असतं. २००० ते २०२१ या २२ हंगामांत ज्याला हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, आणि हा मान बहुतेक वेळा क्वार्टरबॅकलाच मिळतो, त्याच्या संघाने त्या वर्षी एकदाही सुपर बोल जिंकला नाही. ती माळ २०२२ मध्ये महोम्सने तोडली. पेटन मॅनिंगचंच पाहा. हा मान त्याला पाच वेळा मिळाला; त्यातल्या एकाही वर्षी तो जिंकला नाही. जिंकला तो २००६ च्या हंगामात आणि मग २०१५ मध्ये, म्हातारपणी, जेव्हा त्याचे नऊ टचडाउन आणि १७ चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती अशी दयनीय अवस्था होती. त्याच्या डेन्व्हर संघाच्या बचावफळीने त्याला अक्षरशः वाहून नेलं. अव्वल क्वार्टरबॅक दरवर्षी प्लेऑफच्या दारापर्यंत नेतो, हे मी मान्य करतो. त्याची किंमत तेवढीच धरावी, एवढंच माझं म्हणणं.

खेळाची रचनाच तशी आहे. क्वार्टरबॅक बचावाच्या वेळी मैदानाबाहेर बाकावर बसलेला असतो. जवळजवळ अर्धा सामना त्याच्याविना होतो. आणि जो अर्धा त्याचा म्हणतात, त्यातही त्याला दोन-तीन सेकंद मिळवून देणारे पाच धिप्पाड गडी समोर उभे असतात, ज्यांची नावं निम्म्या प्रेक्षकांना ठाऊक नसतात. युनिटासच्या पुतळ्याला हात जोडणाऱ्यांनीही हे आठवावं. १९५८ चं विजेतेपद त्याने अतिरिक्त वेळेत खेचून आणलं, हे खरंच. पण त्याच्या संघाने, बाल्टिमोर कोल्ट्सनी, जिंकलेला एकमेव सुपर बोल, जानेवारी १९७१ चा, युनिटास जखमी होऊन बाहेर गेल्यावर राखीव अर्ल मॉरलने पूर्ण केला.

विदर्भाच्या माणसाला तरी हे पटवून द्यावं लागू नये. १९५७ पासून रणजी खेळणारा आपला संघ ६० वर्षांनी पहिल्यांदा अंतिम सामन्यात गेला तेव्हा इंदूरला समोर गंभीर आणि ऋषभ पंत असलेली दिल्ली होती. कर्णधार फैज फजलच्या संघाने नऊ गडी राखून सामना जिंकला. हॅटट्रिक रजनीश गुरबानीची, शतक यष्टिरक्षक अक्षय वाडकरचं. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राच्या पुजाराला आदित्य सरवटेने एक आणि शून्यावर परत पाठवलं. २०२४-२५ मध्ये तोच सरवटे केरळकडून अंतिम सामन्यात समोर उभा होता, तरी चषक नागपूरलाच राहिला, कारण त्याची जागा घ्यायला हर्ष दुबे होता आणि त्याने त्या हंगामात विक्रमी ६९ बळी घेतले होते. वासिम जाफर होताच की, असं मुंबईकर लगेच म्हणतील. होता, आणि २०१८-१९ मध्ये त्याने हजारावर धावा केल्या. त्याच हंगामात वायनाडच्या उपांत्य सामन्यात खाणकामगाराच्या घरातल्या उमेश यादवने १२ बळी घेऊन केरळला दोन दिवसांत गुंडाळलं. पण या दोघांविनाही सामने जिंकता येतील असा संघ प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांनी आधी उभा केला होता. क्रम महत्त्वाचा आहे. आधी भिंत, मग तीवर नक्षी.

नियम बदलले, हा आक्षेप मात्र खरा आहे. चेंडू झेलणाऱ्याला अडवण्याचे आणि क्वार्टरबॅकला पाडण्याचे नियम २००४ नंतर कडक होत गेले, फेकणं सोपं झालं, आणि डिल्फरसारख्याला घेऊन जिंकण्याची वाट अरुंद झाली. ती बंद झालेली नाही. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाच्या बचावफळीने खुद्द महोम्सला सहा वेळा चेंडूसकट जमिनीवर आणलं आणि सामना ४०-२२ असा घेतला. रेव्हन्सकडे आज लामार जॅक्सन आहे, दोनदा हंगामाचा सर्वोत्तम ठरलेला, डिल्फरपेक्षा कैक पटींनी गुणी, आणि २०२३ मध्ये त्याला पाच वर्षांसाठी २६ कोटी डॉलरचा करार मिळाला. लीगने २०२४ साठी एका संघाला दिलेली मर्यादा २५ कोटी ५४ लाख होती. म्हणजे हिशेब कसाही पुढेमागे ढकलला तरी संघातल्या ५३ जणांच्या पगारातला जवळजवळ पाचवा हिस्सा एकाचा. त्याला सोडा असं मी म्हणत नाही, तसा खेळाडू पुन्हा मिळायचा नाही. पण हंगाम फसला की रेडिओवर जो तो ‘लामार मोठ्या सामन्यात कच्चा आहे’ म्हणत सुटतो, तेव्हा जानेवारी २०२५ चा बफेलोतला प्लेऑफचा सामना आठवावा. दीड मिनिट उरलं असताना त्याने टचडाउन फेकून फरक दोन गुणांवर आणला, बरोबरीसाठीचा चेंडूही नेमका सहकारी मार्क अँड्रूजच्या हातांत टाकला, आणि तो चेंडू अँड्रूजच्या हातून सुटला.