घसरतं एक, जळतं दुसरंच

मॉडेल रेल्वेच्या डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) रुळांवर वीज कायम असते. एचओ गेजला साधारण १४-१५ व्होल्ट. तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि इंजिनातल्या डिकोडरला मिळणारा हुकूम त्या उलटण्यातच दडलेला असतो. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असली तर ‘एक’, १०० च्या आसपास किंवा जास्त असली तर ‘शून्य’. अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेचं मानक सांगतं की एचओच्या डिकोडरने किमान २७ व्होल्ट सोसले पाहिजेत, एन गेजच्याने २४. त्यापुढे ज्याचं त्याचं नशीब.

*

डिकोडर उडाला की पहिला संशय घरच्या लाइटवर. खरा चोर बऱ्याचदा टेबलाखालच्या वायरींत असतो.

सांध्यावर चाक घसरलं, दोन रुळांना एकदम टेकलं, शॉर्ट झाला. प्रवाह झपकन पाच अँपियरपर्यंत चढतो आणि रुळांना वीज पुरवणारा बूस्टर तो तितक्याच झपकन तोडतो. वायरीभोवती जमलेलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं, आणि क्षणभर रुळांवर व्होल्टेजची उसळी येते. यार्डात गपगुमान उभं असलेलं इंजिनही त्याच रुळांवर असतं, त्यामुळे फटका त्यालाही बसतो. मालक मात्र घसरलेलं इंजिन उलटंपालटं करून बघत बसतो.

*

वायर जितकी लांब आणि दोन तारांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी उसळी मोठी. म्हणून बसच्या, म्हणजे टेबलाखालच्या मुख्य, दोन्ही वायरींना पीळ द्या, फुटाला तीन-चार वेढे. फुकटचा उपाय आहे, तरी लोक वायरी शिस्तीत समांतर, लांबलांब ठोकतात. दिसायला छान.

*

उसळी शोषायला बसच्या टोकाला स्नबर: १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एकामागे एक, दोन वायरींच्या मध्ये. रेझिस्टर अर्ध्या वॅटचा चालतो म्हणतात. हिशोब करून पाहा: १५ व्होल्टवर प्रत्येक उलटण्याला ४५ मायक्रोज्यूल, सलग ‘एक’ आले तर सेकंदाला सतरा हजार वेळा. पाऊण वॅटच्या वर जातं. दोन वॅटचाच घ्या.

*

उसळी छाटणारा टीव्हीएस डायोड लावायचा तर दोन्ही दिशांचा, म्हणजे कोडच्या शेवटी ‘सीए’ असलेला. एकाच दिशेचा लावला तर उलट्या लाटेला तो सरळ शॉर्टच.

*

रूळ स्वच्छ ठेवणारी जुनी हाय-फ्रिक्वेन्सी यंत्रं डीसीसीच्या रुळांना लावू नयेत. धूळ जाळणारा त्यांचा उच्च दाब डिकोडरही जाळतो.

*

नाण्याची परीक्षा: बूस्टर चालू ठेवून लेआउटवर ठिकठिकाणी दहाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. एचओचं अंतर १६.५ मिलीमीटर, नाणं २७ चं. बूस्टर लगेच ट्रिप झाला पाहिजे. नाणं नुसतं तापत राहिलं तर बसपासून रुळांपर्यंतच्या वायरी, म्हणजे फीडर, बारीक आहेत किंवा कमी. ते सुधारल्याशिवाय बाकी उपायांना अर्थ नाही.

*

पुण्यात कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून घरी रूळ टाकायची हुक्की येणं साहजिक. चार बाय सहा फुटांच्या फळीवर स्नबरची गरज फारशी नाही, पीळ पुरे. बस तीस फुटांच्या पुढे गेली की मात्र चालढकल नको. स्नबरचे दोन्ही भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किरकोळ पैशांत मिळतात. साउंड डिकोडर मागवण्याआधी ते आणा.