कूस बदलताना

रात्री दोन वाजता घरातला दिवा कोणी लावला, याची नोंद आपण सहसा ठेवत नाही. गेल्या दिवाळीनंतर आमच्या सिडकोतल्या घरात हा दिवा रोज लागू लागला. मला जाग यावी तर शेजारची जागा रिकामी, आणि आमचे हे दिवाणखान्यातल्या खुर्चीत मान टाकून बसलेले. विचारले की उत्तर ठरलेले : "झोप येत नाही गं." वय ७४. या वयात झोप विरळ होतेच, अशी मी मनाची समजूत घातली. सिद्धार्थ उद्यानातले सकाळचे फिरणे सुटले, दुपारी वर्तमानपत्र हातातच राहून डोळा लागू लागला, बोलण्यात चिडचिड आली. डॉक्टरांकडून झोपेची गोळी लिहून घ्यावी, इथपर्यंत माझा विचार जाऊन पोहोचला होता.

एका दुपारी हे डाव्या कुशीवर वळले आणि नकळत हात खुब्याखाली गेला. चेहऱ्यावर जी कळ उमटली ती मी पाहिली. "अहो, दुखते ते सांगायचे नाही का?" "आडवे झाले की दुखते, उठून बसले की थांबते. त्यात सांगायचे काय?" म्हणजे झोप येत नव्हती असे नाही, झोपेची जागाच दुखत होती. घरातल्या वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना मी तेव्हापासून एकच सुचवते. "झोप लागली का?" असे विचारू नये, "कोणत्या कुशीवर झोपलात?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला "हो" म्हणून सुटता येते.

अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासले, क्ष-किरण चित्र काढले आणि समजावून सांगितले, तेही फार सोप्या शब्दांत. खुब्याच्या सांध्याची झीज असेल तर दुखणे बहुधा जांघेत जाणवते. यांचे दुखणे बाहेरच्या बाजूला, मांडीच्या हाडाचा जो उंचवटा बोटाला लागतो नेमके त्यावर होते. तिथे नितंबाच्या स्नायूंच्या कंडरा हाडाला जोडलेल्या असतात आणि घर्षण होऊ नये म्हणून द्रवाची एक पातळ पिशवी असते. त्या दुखावल्या, की त्या कुशीवर झोपणे म्हणजे सारा भार दुखऱ्या जागेवर ठेवणे. निरोगी कुशीवर झोपले तरी सुटका नाही, कारण वरचा गुडघा पुढे घसरतो आणि त्याच कंडरा हाडावर ताणल्या जातात. म्हणून दोन्ही गुडघ्यांमध्ये जाडसर उशी घ्यायची, ती घोट्यांपर्यंत पोहोचेल अशी.

मग त्यांनी विचारले, "गादी कसली आहे?" आमची गादी काथ्याची, दगडासारखी. पंधरा वर्षांपूर्वी यांची कंबर धरली होती, तेव्हा 'कडक गादी घ्या' हा सल्ला नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांनी दिला होता, आणि आम्ही तो श्रद्धेने पाळला होता. पाठीसाठी जितके कठीण तितके चांगले, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. वस्तुतः स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर ९० दिवसांचा एक अभ्यास झाला. तो २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम मिळाला. तो अभ्यास कंबरेचा होता, खुब्याचा नव्हे. पण 'कडक तेच उत्तम' या आमच्या श्रद्धेला त्याने तडा दिला, एवढे खरे.

गादी बदलण्याची गरज नाही, वर एक मऊ थर घाला, असे ठरले. दुकानात त्यालाच टॉपर म्हणतात. परंतु पैसे खर्चण्याआधी मी एक प्रयोग केला, आणि तो तुम्हीही करावा असे मला मनापासून वाटते. सासूबाईंनी स्वतःच्या जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या दोन गोधड्या कपाटात होत्या. त्या चौघडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत पसरल्या. त्या रात्री दिवा लागला तो पहाटे चारला. मऊ थराने फरक पडतो, हे एक रुपयाही न देता कळले. आठवड्याभरात गोधड्या दबल्या, सुरकुत्या टोचू लागल्या, हा भाग वेगळा.

पुढची चूक माझी. 'जास्त जाड तो जास्त आराम' या हिशेबाने मी चार इंची मेमरी फोमचा टॉपर उचलला. विकणाऱ्याने तळहाताने दाबून दाखवले, मीही टोमॅटो निवडावा तसा दाबून पाहिला. तळहाताला खुबा नसतो, हे तेव्हा सुचले नाही. हा फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि शरीर त्यात हळूहळू रुतते. दोन रात्री छान गेल्या. तिसऱ्या रात्री हे लघवीला उठायला गेले. रुतलेल्या अंगाला वळता येईना. कसेबसे काठावर आले तर पलंग चार इंचांनी उंच झालेला, पाय जमिनीला टेकलेच नाहीत. काठ दबला आणि हे घसरले. माझा हात वेळेवर पोहोचला म्हणून गुडघ्यावर निभावले. खुब्याचे दुखणे कमी करायला आणलेल्या वस्तूने खुब्याचे हाडच मोडले असते! वापरलेला माल परत घेणार नाही, असे दुकानाचे म्हणणे. तो टॉपर आता पाहुण्यांच्या दिवाणावर आहे. नातवंडांचे त्यावर उत्तम चालले आहे.

दुसऱ्या खेपेला मी यांनाच सोबत नेले, आणि घरची उशीही. लाज न बाळगता हे दुखऱ्या कुशीवर चांगली पंधरा मिनिटे पडून राहिले. मी मागे उभी राहून पाठीचा कणा पाहत होते. खांदा आणि खुबा थोडे आत जावेत, कंबर हवेत लोंबू नये, कणा सरळ रेषेत राहावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या कुशीवर आपल्या बळाने वळता यावे. यांचे वजन ५६ किलो. दोन इंची लेटेक्सचा थर पुरला. धिप्पाड माणसाला तो कदाचित तळाला टेकेल, त्याला तीन इंच लागतील. लेटेक्स महाग आहे, उचलायला जड आहे, आणि रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. पण ते दाब सुटताच उसळून येते, त्यामुळे कूस बदलताना साथ देते. शिवाय मेमरी फोम अंगाची उष्णता धरून ठेवतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या शहरात हाही विचार करावा लागतो. फोमच घ्यायचा असेल तर घनता विचारा, परंतु घनता म्हणजे मऊपणा नव्हे. ती टिकाऊपणाची खूण आहे.

टॉपर घसरू नये म्हणून चारही कोपऱ्यांना पट्टे असलेला घेतला, आणि सुताराला बोलावून पलंगाचे पाय दोन इंच कापून घेतले. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय सपाट टेकले पाहिजेत, ही माझी आता अटच आहे.

गादीचा मधला भाग खचला असेल तर टॉपरही त्याच खड्ड्यात जातो. तेथे गादीच बदलावी. तसेच जे स्वतः कूस बदलू शकत नाहीत, त्यांच्यासाठी हा उपाय नाही. त्यांना शय्याव्रण होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणि नियमित कूस बदलून देणे, हेच डॉक्टरांना विचारून करावे. पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, ताप असेल, वजन घटत असेल, किंवा कसेही झोपले तरी रात्रभर ठणका राहत असेल, तर दुकानाआधी रुग्णालय गाठावे.

आणि टॉपरने दुखणे बरे झाले, असे मी म्हणणार नाही. बरे केले ते भौतिकोपचारतज्ज्ञांनी शिकवलेल्या व्यायामांनी, आणि पायावर पाय टाकून वर्तमानपत्र वाचण्याची चाळीस वर्षांची सवय मोडल्याने. ती मोडायला टॉपर निवडण्यापेक्षा अधिक दिवस लागले. टॉपरने त्या मधल्या तीन महिन्यांच्या रात्री दिल्या.

परवा दोन वाजता मला आपसूक जाग आली. दिवाणखान्यात अंधार होता. हे डाव्या कुशीवर होते, गुडघ्यांमध्ये उशी, आणि नव्या टॉपरवर सासूबाईंची एक गोधडी. ती मात्र यांनी काढू दिलेली नाही.